ठाणे खाडीच्या गाळावरून अरबी समुद्राच्या जुन्या ऑक्सिजनचा अंदाज येईल का?

ऐरोलीकर_विद्यार्थी
नमस्कार. मी रसायनशास्त्रात एम.एस्सी. करीत आहे. समुद्रतळाच्या गाळातील मॉलिब्डेनम आणि युरेनियम यांच्या प्रमाणावरून, तो गाळ साठताना तळाजवळच्या पाण्यात ऑक्सिजन कितपत होता याचा अंदाज बांधता येतो, असे आम्हाला शिकवले आहे. ठाणे खाडी माझ्या घरापासून जवळ आहे, आणि ओहोटीला उघडा पडणारा काळा, उग्र वासाचा चिखल पाहता तेथे सल्फाइडची वाण नसावी. खाडीत नळी रोवून गाळाचा उभा नमुना काढला आणि थरागणिक ही मूलद्रव्ये मोजली, तर काही हजार वर्षांचा इतिहास हाती लागेल का? प्रकल्पाचा विषय ठरवायचा आहे, म्हणून जाणकारांनी सविस्तर लिहावे.

गाळवाचक
मूलद्रव्ये आपण ठीक निवडली आहेत. अडचण जागेची आहे.

मॉलिब्डेनम समुद्राच्या पाण्यात विरघळलेल्या रूपात भरपूर असते आणि ऑक्सिजन असेपर्यंत ते सहसा पाण्यातच राहते. मात्र हायड्रोजन सल्फाइड पुरेसे साठले की त्याचे थायोमॉलिब्डेट (गंधकयुक्त संयुग) बनते, ते सेंद्रिय पदार्थांना व लोहाच्या सल्फाइडांना चिकटते आणि गाळात अडकते. युरेनियमला सल्फाइडची गरज नसते. साधारणपणे ऑक्सिजन संपत आल्यावर ज्या टप्प्यावर गाळातील लोहाचे क्षपण होते (त्याला इलेक्ट्रॉन मिळतात), त्याच सुमारास तेही चतुःसंयुजी, म्हणजे न विरघळणाऱ्या रूपातले, होऊन स्थिरावते. म्हणून युरेनियम वाढलेले पण मॉलिब्डेनम जेमतेम, असा थर दिसला तर ऑक्सिजन कमी होता, परंतु सल्फाइड साठण्याइतकी वेळ आली नव्हती, असे अनुमान करता येते.

येथे एक मेख आहे, आणि अनेक अहवाल तिच्याकडे काणाडोळा करतात. युरेनियम वरच्या पाण्यातून गाळात झिरपत जाऊन काही सेंटिमीटर खाली स्थिरावते, त्यामुळे त्याची नोंद ज्या थरात सापडते तो थर त्या घटनेपेक्षा जुना असू शकतो. शिवाय पुढे कधी ऑक्सिजन पुन्हा खाली पोहोचला, तर साठलेले युरेनियम विरघळून निघूनही जाते.

आता खाडीविषयी. सुमारे 20,000 वर्षांपूर्वी, हिमयुगाच्या ऐन भरात, समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सुमारे 120 मीटर खाली होती, म्हणजे आज जेथे खाडी आहे तेथे तेव्हा कोरडी जमीन होती. त्यानंतर साठलेला गाळही भरती-ओहोटीने उसकटला जातो आणि खेकडे व किडे तो खालीवर करतात. आपण म्हणता तो काळा चिखल सेंद्रिय पदार्थ गाळातच कुजल्यामुळे काळा होतो. वरच्या पाण्यात ऑक्सिजन भरपूर असला तरी तो काळाच राहील. तेव्हा या गाळातून खाडीची हकीकत कळेल, अरबी समुद्राची नव्हे.

सागरतळ
वरील उत्तराशी मी बव्हंशी सहमत आहे, परंतु अरबी समुद्रासाठी मॉलिब्डेनमवर फार भिस्त ठेवू नये, असे माझे मत आहे. तेथे साधारण 150 ते 1,200 मीटर खोलीदरम्यान ऑक्सिजन अत्यंत कमी असलेला पट्टा आहे, तरी त्या पाण्यात सल्फाइड सहसा साठत नाही. तेथील जीवाणू श्वसनासाठी नायट्रेट वापरतात, हलका नायट्रोजन-14 अधिक वेगाने खर्च होतो आणि उरलेल्या नायट्रेटमध्ये नायट्रोजन-15 चे प्रमाण वाढते. ते नायट्रेट वर येऊन प्लवकांत (पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म जीवांत) आणि प्लवकांमार्फत गाळात पोहोचते. नायट्रोजनच्या या समस्थानिकांवरून (एकाच मूलद्रव्याच्या वेगवेगळ्या वजनाच्या अणूंवरून) असे दिसते की उष्ण कालखंडांत हा पट्टा तीव्र होता आणि हिमयुगातील अतिथंड टप्प्यांत क्षीण झाला होता. पाकिस्तानच्या किनाऱ्याजवळील उतारावर उष्ण टप्प्यांतील गाळाचे बारीक पदर शाबूत राहिले आहेत, कारण तो उकरणारे जीव तेथे जगूच शकले नाहीत. म्हणजे रसायनाची साक्ष पडताळण्यास डोळ्यांना दिसणारा पुरावाही आहे.

असा गाळ खंडान्त उतारावर, म्हणजे किनाऱ्यालगतचा उथळ समुद्रतळ संपून तळ खोल उतरू लागतो तेथे, मिळतो. मुंबईसमोर उथळ मंच फार रुंद असल्याने तो उतार किनाऱ्यापासून खूप दूर आहे, आणि जहाजावाचून तेथे पोहोचता येत नाही.

ऐरोलीकर_विद्यार्थी
दोघांचेही आभार. जहाज मिळणे शक्य नाही. मग खाडीतच राहून गेल्या शंभरेक वर्षांतील बदल पाहिले तर? आयसीपी-एमएस (अत्यल्प मूलद्रव्ये मोजणारे यंत्र) उपलब्ध आहे, तेव्हा ऑक्सिजनचाच दुसरा निदर्शक म्हणून व्हॅनेडियमही मोजता येईल.

गाळवाचक
हा विषय पेलण्याजोगा आहे. शिसे-210 या किरणोत्सारी समस्थानिकाचा अर्धायुकाल सुमारे 22 वर्षांचा असल्याने शतकभराच्या थरांचे वय त्यावरून काढता येते. मात्र त्याचा आलेख खोलीनुसार नीट उतरत नसेल, तर थर ढवळले गेले आहेत असे समजून तो नमुना बाद करावा. फ्लेमिंगो अभयारण्याच्या हद्दीत नमुने घ्यायचे असल्यास वन विभागाच्या कांदळवन कक्षाची पूर्वपरवानगी लागेल. ठाणे-बेलापूर पट्ट्यातील कारखाने 1960 च्या दशकापासूनचे आहेत, त्यामुळे वरच्या थरांतील धातूंची वाढ ऑक्सिजन घटल्यामुळेच झाली, असे धरून चालू नये.

व्हॅनेडियमबाबत विशेष सावध राहावे. पुस्तकांत तुलनेसाठी जगाच्या सरासरी शेलचे (चिखलापासून बनलेल्या खडकाचे) आकडे दिलेले असतात, पण आपल्याकडचा गाळ दख्खनच्या बेसॉल्टमधून येतो आणि त्यात व्हॅनेडियम व तांबे मुळातच बरेच जास्त असते. त्या आकड्यांशी तुलना केली, तर ऑक्सिजनयुक्त गाळही ऑक्सिजनविरहित भासेल. प्रत्येक मूल्याला ॲल्युमिनियमने भागावे आणि पारसिकच्या डोंगरातील खडक व त्यावरची माती त्याच यंत्रावर मोजून स्थानिक पार्श्वमूल्य (मूळ खडकातूनच येणारे प्रमाण) आधी ठरवावे.