मदत हवी आहे: पितळी बाहीबिल्ल्यांची ओळख

जालन्यात मोडीच्या पितळेत सैन्याचे चार जुने बाहीबिल्ले मिळाले. घोड्याचा नाल म्हणजे नालबंद, आडवे-तिरपे दोन झेंडे म्हणजे सिग्नलर (संदेश पाठवणारा सैनिक), इतकं उघड आहे. हातोडा-सांडशीचा बिल्ला कारागिराचा, पण नेमक्या कुठल्या कामाचा?

खरी अडचण चौथ्याची. पानांच्या वेढ्यात ‘एल’ आणि ‘जी’. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश सैन्यात हे लुईस गनवाल्याचं, म्हणजे त्या नावाची हलकी मशीनगन चालवणाऱ्याचं चिन्ह होतं. नुसता ‘एल’ असता तर तोफेचा नेम धरणारा म्हटलं असतं. पण हीच अक्षरं पुढे ब्रेनसारख्या हलक्या मशीनगनसाठीही चालली. मग काळ कसा ठरवायचा? वर ब्रिटिश राजमुकुट नाही, त्यामुळे 1947 आधीचा की नंतरचा तेही कळत नाही.

मागची बाजू पोकळ, पुढच्या नक्षीचा उलटा ठसा स्पष्ट, बिल्ला कापडाला अडकवायचे दोन तांब्याचे कान (कड्या) शाबूत. म्हणजे ठशाचं काम. वाळूत ओतलेल्या नकलेची पाठ सहसा भरीव आणि बारीक खड्ड्यांची असते. बनवणाऱ्याची छाप कुठेच नाही.

निजामाच्या फौजेत असेच बिल्ले होते की वेगळे? जाणकारांनी सांगावं. चिंच-मीठ लावून घासा, असा सल्ला मात्र नको; कडांवरची झीज तपासायची आहे.