मोल्डिंगच्या पट्ट्या आधी रंगवायच्या की भिंतीला लावून?

घोडबंदरकर:
हॉलमध्ये एमडीएफच्या (लाकडाचे तंतू दाबून केलेल्या बोर्डच्या) मोल्डिंग म्हणजे शोभेच्या पट्ट्यांच्या चौकटी करून घेतोय. पेंटर म्हणतो पट्ट्या लागू देत, मग सगळं एकदम मारतो. मला हे अजिबात पटत नाही, पट्टी खाली असतानाच रंगवून घ्यावी. एमडीएफची कापलेली कड आणि खोबणी प्रायमर नुसता पिऊन टाकते, वॉटर बेस मारला तर कड फुगून खरखरीत होते, म्हणून ऑइल प्रायमर, सुकला की 220 नंबरचा पॉलिश पेपर, परत प्रायमर आणि मग इनॅमलचा पहिला हात. शिडीवर उभं राहून, मान वर करून हे घासकाम कोण मनापासून करणार? आणि पट्टीची पाठ! आपल्याकडे पावसाळ्यात बाहेरची भिंत ओल धरते, पाठ कोरी राहिली तर पट्टी मागून फुगते आणि एकदा चिकटवली की तिथे ब्रश पोचतच नाही.

नौपाड्याची ताई:
पाठीचं शंभर टक्के खरं, बाकीचं नाही पटलं. पट्टी लावल्यावर खिळ्यांची भोकं बुजवायची असतात, 45 अंशात कापलेले कोपरे कधीच तंतोतंत जुळत नाहीत, तिथे लांबी (पुट्टी) भरून घासावीच लागते, मग तुमचा आधीचा रंग गेलाच ना तिथला? नुसत्या कोपऱ्याला रंग लावला की तेवढा ठिगळासारखा वेगळा चमकतो, ट्यूबलाइटच्या उजेडात तर लगेच. भिंत आणि पट्टीमधली फटसुद्धा लावल्यावरच भरता येते, आणि ती अॅक्रिलिक सीलंटनेच भरा, साध्या सिलिकॉनवर रंग धरत नाही.

ऐरोली_सेक्टर८:
ताईंशी सहमत. उलट मी म्हणेन शेवटचे दोन्ही हात भिंतीवरच, फक्त मास्किंग टेप नीट वापरा. टेप लावली, की तिच्या कडेवर आधी भिंतीचाच रंग हलका फिरवायचा, जो काही रंग आत झिरपायचा तो भिंतीचाच झिरपतो आणि कड बुजते, त्यावर पट्टीचा रंग मारला की रेघ सुरीने कापल्यासारखी येते. शेवटचा हात ओलसर असतानाच टेप तिरकी ओढून काढा. पूर्ण सुकू दिली तर रंगाचा पापुद्रा सोबत येतो.

कोपरीचा रंगारी:
आमच्या घरात रंगकाम पिढीजात आहे म्हणून बोलतो. टेपवर एवढा भरवसा नको. भिंतीचा रंग ताजा असेल तर टेप तोच उचकटून आणते, मग भिंतीचं टचअप करत बसा. दीड इंची तिरका ब्रश घ्या, एक तृतीयांशच बुडवा, रंग आधी पट्टीच्या मधे ठेवा आणि तिथून कडेकडे ओढत न्या. खोबणी आधी, सपाट भाग नंतर, आणि खोबणीत साचलेला रंग लगेच कोरड्या ब्रशने उचला, नाहीतर ओघळ तिथूनच सुटतो. हात बसला की टेप लागत नाही. आणि पट्टी नक्की कसली आहे ते बघा हो, हल्ली थर्माकोलसारख्या हलक्या पट्ट्याही मोल्डिंग म्हणून विकतात, तिच्यावर थिनरवाला रंग गेला तर पट्टी विरघळते, तिथे वॉटर बेसच.

घोडबंदरकर:
शेवटचा हात भिंतीवर, हे ताईंचं मान्य. पण प्रायमर, घासणं आणि पहिला हात खालीच, यावर मी ठाम आहे.

नौपाड्याची ताई:
पहिला हातही नको हो. सुतार कोपरा कापतो तेव्हा इनॅमलची कड टवके उडून तुटते. आणि पाठीला प्रायमरचा एक पातळ हात पुरे, इनॅमल गेलं तर ग्लू एमडीएफला न चिकटता रंगाच्या थराला चिकटतो, तो थर सुटला की पट्टीही सुटते.