अनुभव धागा: महिलांचा हौशी रग्बी क्लब

ज्यांनी महिलांचा रग्बी क्लब काढलाय किंवा चालवलाय त्यांनी इथे लिहावं. ट्रॉफ्यांचे फोटो नकोत. मैदान, चेंडू, पैसा, दुखापती आणि मुली टिकतात कशा, एवढंच लिहा.

चिखलवाली

पंधराच्या रग्बीचा नाद पहिली दोन वर्षं सोडा. राखीव धरून बावीस-तेवीस जणी लागतात आणि यादीतल्या सगळ्या कधीच येत नाहीत; कुणाची परीक्षा, कुणाची शिफ्ट. सेव्हन्सला सात आणि पाच राखीव, बाराजणींत भागतं. सात-सात मिनिटांचे दोन भाग, मध्ये दोन मिनिटं. भारताचा महिला संघसुद्धा २००९ मध्ये सेव्हन्सनेच सुरू झाला, पंधराचा पहिला आंतरराष्ट्रीय सामना २०१८ मध्ये झाला.

चेंडू साइज ५, दोघींत एक तरी हवा. हवा ९.५ ते १० पीएसआय. पंपाची सुई ओली करून घाला; कोरडी खुपसली की व्हॉल्व्ह फाटतो आणि चेंडू रात्रभरात बसतो. मुरुमावर चेंडूचे दाणे लवकर झिजतात, मग पास सुटतात आणि उगाच मुलींना बोलणी बसतात. गुळगुळीत झालेला चेंडू फक्त किकच्या सरावाला ठेवा.

आडवा पास

खेळाडू शोधायला कबड्डी आणि खो-खोच्या मैदानावर जा. खो-खोवाल्या हुलकावणी देण्यात तयारच असतात. कबड्डीवालीला पकड शिकवावी लागत नाही, सोडणं शिकवावं लागतं! शिट्टी होईपर्यंत धरून ठेवायची सवय अंगात मुरलेली असते. इथे टॅकल झालेली, म्हणजे चेंडू घेऊन पळताना धरून पाडलेली, खाली आली की तिला लगेच सोडून बाजूला व्हायचं, नाहीतर पेनल्टी. दुसरी खोड म्हणजे उचलून आपटणं. पाय वर आणि डोकं खाली, असं पाडलं तर लाल कार्डापर्यंत जातं.

पहिला महिना टॅकल नकोच. कमरेला जुन्या ओढणीच्या पट्ट्या खोचा, पट्टी ओढली की टॅकल झालं. घरचे "हातपाय मोडून बसेल" म्हणतात, त्यांना या महिन्यात मैदानावर बोलवा. पुण्याच्या वाहबिझ भरुचा भारताच्या कर्णधार होत्या आणि पेशाने फिजिओ आहेत, हेही सांगा. सूर जरा खाली येतो.

रविवारची फिजिओ

टॅकलच्या आधी पडणं. गुडघ्यावर बसा, चेंडू दोन्ही हातांनी छातीशी, हनुवटी आत. मग मांडी, कंबर, खांदा या क्रमाने जमिनीला टेका. हात टेकायचा नाही, मनगट किंवा गळ्याचं हाड जातं. हे अंगवळणी पडल्यावर टॅकल करणारी गुडघ्यावर आणि चेंडूवाली चालत. खांदा तिच्या मांडीला, गाल कुल्ल्यामागे, दोन्ही हातांची मिठी. डोकं चुकून तिच्या पुढ्यात गेलं की गुडघा थेट कानशिलावर बसतो. डोक्याच्या बहुतेक दुखापती मला याच एका चुकीतून दिसतात.

डोक्याला मार लागल्याची नुसती शंका आली तरी बाहेर, आणि त्या दिवशी परत आत नाही. वर्ल्ड रग्बी या जागतिक संघटनेच्या हौशी खेळाडूंसाठीच्या सूचनेप्रमाणे साधारण २१ दिवसांच्या आत सामना नाही. "ताई, बरं वाटतंय" यावर जाऊ नका. आणि हा निर्णय प्रशिक्षकाकडे ठेवू नका, तिला ती खेळाडू हवी असते.

फक्की

रेषांसाठी चुन्याची फक्की नको. घाम किंवा पाऊस लागला की ती चामडी जाळते, डोळ्यात गेली तर विचारूच नका. आणि ट्राय करताना, म्हणजे गुणासाठी चेंडू शेवटच्या रेषेवर किंवा पलीकडे टेकवताना, तोंड नेमकं रेषेवर घासतं. खडूची भुकटी घ्या. टॅकलचा सराव पावसाळ्यात, गवत आणि मऊ माती असताना. उन्हाळ्यात मुरूम सोलवटून काढतो, तेव्हा टच, म्हणजे न पाडता नुसता हात लावून खेळायचं. रोज सरावाआधी सगळ्या एका रांगेत मैदान चालून काढा. दगड, काचा, बाटल्यांची झाकणं, पिशवीभर निघतं.

गोलपोस्टच्या खांबांना फोम आणि रेक्झिन गुंडाळल्याशिवाय सामना लावू नका.

कागदवाली

संस्था नोंदवायला सातजणी लागतात. त्यात खेळणाऱ्या नसलेल्या दोघी घ्या, लग्न-नोकरीत सगळ्या एकदम गाव सोडत नाहीत. कार्यकारिणी बदलली की ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात चेंज रिपोर्ट द्यायचा. तो राहिला की बँकेत सह्या जुन्याच चालतात आणि पैसा असून अडतो. वर्गणी महिन्याला घ्या. वर्षाची एकदम मागितली की विद्यार्थिनी गळतात.

लीड्सहून

किट मागवताना पांढरी शॉर्ट्स घेऊ नका. आयर्लंडच्या महिला संघाने २०२३ मध्ये पाळीच्या कारणाने पांढरी सोडून नेव्ही घेतली. आतून नाडी हवीच. नुसतं इलॅस्टिक पहिल्या टॅकलला खाली येतं.