आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन: त्या दिवशी नेमकं काय होतं?

मंजिरी (ठाणे):
गुरुवारी आईच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे. वय ७१, शुगर आहे, गोळ्या चालू. सकाळी साडेसातला बोलावलंय, दुपारी घरी सोडणार. इतक्या लवकर सोडतात याचीच मला जास्त धास्ती वाटतेय. शेजारच्या काकूंनी काय भरवलंय कोण जाणे, आई विचारते, "डोळा बाहेर काढून ठेवतात का गं?" कागदावर फक्त "उपाशीपोटी यावे, सोबत एक नातेवाईक" एवढंच आहे. ज्यांचं झालंय त्यांनी सांगा ना.

एसटीवाले काका (सांगली):
ताई, डोळा जागच्या जागी राहतो. आईंना आधी हे सांगा. माझे दोन्ही झाले. ऑपरेशन पंधरा-वीस मिनिटांचं, बाकी सगळा वेळ बाकड्यावर. भुवईच्या वर मार्करने बाण काढतात. "काका, कुठला डोळा?" सिस्टरने तीनदा विचारलं. तिसऱ्यांदा मी वैतागलो. मुद्दाम विचारतात, हे नंतर कळलं.

मग दर दहा मिनिटांनी थेंब. बाहुली मोठी व्हावी लागते, आणि माझी काही केल्या होईना. डॉक्टर म्हणाले, "लघवीसाठी कुठली गोळी चालू आहे का?" होती की! प्रोस्टेटची, टॅमसुलोसिन. डोळ्याशी तिचा काय संबंध, म्हणून फॉर्मवर लिहिलीच नव्हती. तिच्यामुळे बाहुलीभोवतीचा पडदा ढिला पडतो आणि ऑपरेशन चालू असताना फडफडतो म्हणे. नशीब, आत न्यायच्या आधी विचारलं. तेव्हा आईंच्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून न्या, रक्त पातळ करायची असेल तर तीसुद्धा.

आत गेल्यावर तोंडावर कापड, डोळ्यापुरतं भोक. पापण्या चिमट्याने उघड्या धरतात, त्यामुळे चुकून डोळा मिटेल ही भीती नको. सुरीबिरी काही दिसत नाही. आधी लख्ख उजेड, मग विहिरीच्या तळातून वर बघावं तसं गुलाबी-निळं हलत राहतं. कानापाशी गार पाणी ओघळतं. दुखलं नाही, दाबल्यासारखं वाटलं. खोकला येणार असेल तर आधी सांगायचं, एकदम खोकायचं नाही. बाहेर आल्यावर चहा आणि दोन पार्ले-जी. तसा चहा मी २९ वर्षांच्या नोकरीत एकाही स्टँडवर प्यायलो नाही.

ओटी (ऑपरेशन थिएटर) सिस्टर:
काकांनी बरंच सांगितलं. शुगरची गोळी त्या सकाळी घ्यायची का आणि किती तास उपाशी राहायचं, हे आजच फोन करून विचारा, मनाने ठरवू नका. थेंबांची भूल असेल तर बऱ्याच ठिकाणी हलका नाश्ता चालतो. मंगळसूत्र, बांगड्या घरी. काजळ, टिकली नको. आदल्या दिवशी केस धुऊन घ्या, नंतर बरेच दिवस डोक्यावरून पाणी नाही. घरी आल्यावर थोडं खुपेल, पाणी येईल. पण जोरात दुखलं, लाली वाढली किंवा दिसणं कमी झालं तर दुसऱ्या दिवशीच्या तपासणीपर्यंत थांबू नका.

प्रथमेश:
मेडिक्लेम असेल तर हे डे-केअरमध्ये येतं, २४ तास भरती राहायची अट लागत नाही. पण एका डोळ्यामागे रकमेची मर्यादा असते का ते पॉलिसीत बघा. आमचा फरक खिशातून गेला. डोळ्यात बसवलेल्या लेन्सचं स्टिकर फाइलला लावून घ्या, क्लेमला मागतात.

मंजिरी:
फोन केला, गोळी सकाळी नको, सोबत आणा म्हणाले. काका, चष्मा जातो का हो?

एसटीवाले काका:
साधी लेन्स असेल तर लांबचं दिसतं, जवळचा चष्मा राहतो. मला रस्त्यापलीकडून गाडीची पाटी वाचता येते, कॅलेंडरवरची तिथी बघायला मात्र चष्मा शोधावाच लागतो.

मंजिरी (शुक्रवारी):
झालं! साडेसातला गेलो, दीडला घरी. आज पट्टी काढली. काल सिस्टरने दुसऱ्यांदा "आजी, कुठला डोळा?" विचारलं, तर आई म्हणाली, "अगं, बाण तूच काढलास ना?"