पहाटेचा धूमकेतू : गोव्यात पूर्वेचं क्षितिज मोकळं कुठे मिळेल?

नमस्कार. त्सुचिनशान-ॲटलास धूमकेतू आईला दाखवायचा आहे आणि जागाच सापडत नाहीये. गोवेकरांनो, मदत करा.

आईने १९६५ साली, नऊ वर्षांची असताना, शेंडेनक्षत्र पाहिलं होतं. दिवाळीचे फोव खाऊन आठवडा झाला असेल, आजीने तिला पहाटे उठवून खळ्यात आणलं आणि पोफळींच्या वर पांढरी लांबलचक शेपटी दाखवली. तो इकेया-सेकी धूमकेतू. आता तिच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, नजर स्वच्छ आहे, आणि ती रोज विचारते, "कधी जाऊया?"

आपल्याकडे मोकळं आभाळ सगळं समुद्राच्या बाजूला, आणि हा उगवतो पूर्वेला. आमचं घर फोंड्याजवळ, कुळागरात (पोफळी-माडांच्या बागेत). आज, ३० सप्टेंबर २०२४ला, पहाटे पाचला गच्चीवर गेलो. चंद्रकोर सुरेख दिसली, तिच्या थोडा वर मघा तारा. धूमकेतू त्यांच्या बराच खाली, पण तिथे माडांचे शेंडे, मागे डोंगर, डोंगरावर धुकं. बघता बघता उजाडलं. हात लांब करून धरलेली मूठ म्हणजे साधारण दहा अंश. सूर्योदयाआधी पाऊण तास हा तेवढाही वर आलेला नसतो. त्यामुळे क्षितिज अगदी खालपर्यंत उघडं हवं.

परवा सर्वपित्री अमावस्या, म्हणजे काळोख चांगला. पण सकाळच्या आभाळात तो आता चार-पाच दिवसच. १२ ऑक्टोबरनंतर संध्याकाळी समुद्रावर दिसेल हे ठाऊक आहे, पण तेव्हा चांदणं वाढलेलं असणार, आणि ऑक्टोबरातल्या संध्याकाळी आपल्याकडे ढग किती गडगडतात ते सांगायला नको. तेवढ्यावर विसंबून राहायचं मन होत नाही.

पारोड्याचा चंद्रनाथ डोंगर मनात होता, पण आईला पायऱ्या जमत नाहीत; गाडी थेट पोचेल अशीच जागा हवी. वेर्ण्याच्या सड्यावर दिव्यांचा उजेड फार आहे का? दिवाडी बेटावरच्या खाजनांत (खाडीकाठच्या सखल शेतांत), बांधावरून पूर्व दिसते का, आणि पहाटे साडेचारला फेरीबोट मिळते का?

दुर्बीण ७×५० आहे, सूर्य उगवायच्या बऱ्याच आधी ती खाली ठेवू. पण आईला तो नुसत्या डोळ्यांनी दिसावा ही इच्छा आहे. गोव्यातून कुणाला दिसला असेल तर जागा आणि वेळ नक्की लिहा. उद्या आम्ही चारलाच उठतोय.