दर महिन्याला ठरल्यासारखा ताप, टायफॉईड नाही मग काय?

परभणीकर_बाप: पोरगं साडेतीन वर्षाचं. २५-२८ दिवसाला ताप येतो, १०३ पर्यंत, पाच दिवस राहून आपोआप उतरतो अन् मग पुढच्या खेपेपर्यंत एकदम ठणठणीत. मलेरिया, डेंगू, विडाल सगळं करून झालं, दरवेळी अँटिबायोटिक अन् सलाईन. आता एक डॉक्टर म्हणले ऑटोइन्फ्लमेटरी असू शकतं, जीन टेस्ट करा. बायको माझ्या सख्ख्या मामाची पोरगी, तर आई म्हणायली हे तिच्याकडूनच आलं (म्हणजे आईच्याच माहेरून, पण हे तिला सांगणार कोण).

लातूरची_आई: तोंडात फोड, घसा लाल, मानेला गाठी येतात का हो? माझ्या लेकीला पीफापा (ठरलेल्या दिवसांनी ताप, सोबत तोंडात फोड, घसा अन् गाठी) निघालं. त्यात एक ठरलेला जीन सापडत नाही. ताप चढायला लागला की स्टिरॉइडचा एकच डोस द्यायचे, काही तासात उतरायचा, पण नंतर ताप लवकर लवकर यायला लागला. काहींचे टॉन्सिल काढतात, आमचं वय वाढलं तसं कमी झालं. आपल्या मनानं स्टिरॉइड देऊ नका मात्र.

घाटीजवळचा: ऑटोइन्फ्लमेटरी आजारात बाहेरचा जंतू नसतो, शरीराची जन्मजात प्रतिकारशक्तीच विनाकारण पेटते, म्हणून अँटिबायोटिकनं फरक पडत नाही. एफएमएफ (फॅमिलियल मेडिटेरेनियन फीव्हर, यातलाच एक आनुवंशिक आजार) असेल तर एमईएफव्ही जीन, ताप एक ते तीन दिवस अन् पोट असं दुखतं की अपेंडिक्स समजून ऑपरेशन होतं. त्याला १९७२ पासून कोल्चिसिन वापरतात, स्वस्त गोळी, पण रोज घ्यायची, बरं वाटलं म्हणून सोडली की अमायलॉइड नावाचं प्रथिन साचून किडनी जाऊ शकते. लहानपणीच सुरू झालेला, लस दिली की उसळणारा, जुलाब-पुरळवाला ताप असेल तर एमव्हीके जीन बघतात. एनएलआरपी३ जीन बिघडलेल्यांना आयएल-१ (शरीरात सूज पेटवणारं प्रथिन) अडवणारी इंजेक्शनं लागतात, ती लै महाग.

आणि आईला सांगा, एमईएफव्ही, एमव्हीके बहुतेक वेळा दोघांकडून एकेक बिघडलेली प्रत आली तरच आजार होतो. म्हणजे तुमची अन् वहिनींची बाजू सारखीच. नात्यात लग्न झालं की आजी-आजोबांकडची तीच प्रत दोन्ही बाजूंनी यायचा चान्स वाढतो, आणि दोघांकडं ती एकेक प्रत असेल तर प्रत्येक गरोदरपणात मुलाला आजार व्हायचा चान्स २५ टक्के.

परभणीकर_बाप: फोड येतात! जिभेवर, आम्ही उष्णता समजून सब्जा पाजायलो होतो.

घाटीजवळचा: मग आधी पीफापाचंच विचारा. तारखा वहीत लिहा, फोडाचे फोटो काढा, सीआरपी (शरीरातली सूज दाखवणारी रक्ताची टेस्ट) तापात एकदा आणि बरा असताना एकदा. लहान मुलांच्या संधिवाताच्या डॉक्टरला ती वही दाखवा, जीन टेस्टचे पैसे त्यानंतर.

लातूरची_आई: वही मी पण केली होती, कालनिर्णयवरच गोल करायचे 😄