चीनहून आलेल्या छत्र्यांत खराब माल निघाला, पुढच्या लॉटचं काय करू?

गोदाघाट_ट्रेडर: नमस्कार मंडळी. चीनमधल्या शांगयूच्या एका कारखान्याकडून २,००० थ्री-फोल्ड छत्र्या मागवल्या होत्या. माल न्हावा शेवा बंदरातून सुटून नाशिकला गोडाऊनात पोचला. पहिलं खोकं फोडलं, ५० मध्ये ९ खराब. काहींचं बटण दाबलं की दांडा अर्ध्यात अडकतो, काहींच्या काडीच्या टोकाला कापडाचा टाका सुटलाय. पैसे टीटीने (बँकेतून थेट ट्रान्सफर) पूर्ण गेलेत. त्याच कारखान्याला दुसऱ्या २,००० चा ३०% अॅडव्हान्सही दिलाय, तो माल एप्रिलअखेर निघेल. पहिल्याची भरपाई कशी मागू? आणि दुसऱ्याची तिथेच तपासणी करायची तर बजेट १२ हजार, त्यावर एक रुपया नाही.

भिवंडी_बॉस: थर्ड पार्टी इन्स्पेक्शन लावा, म्हणजे बाहेरच्या तपासणी कंपनीचा माणूस, डोळे झाकून. दिवसाचे तीनशे डॉलरच्या आसपास घेतात. आम्ही प्रत्येक कंटेनरला लावतो.

गोदाघाट_ट्रेडर: दादा, बजेट १२ हजार लिहिलंय.

भिवंडी_बॉस: मग इंपोर्टच्या धंद्यात कशाला पडायचं?

चिपळूणकर७: स्पष्ट बोलतो, राग नसावा. रेट किती पाडला होता? कारखानदार हो म्हणतो आणि काडीचा पत्रा पातळ करतो. आमच्याकडे आजोबांची लाकडी दांड्याची छत्री अजून वापरात आहे.

वर्षाताई_क्यूसी: आजोबांची छत्री राहू द्या. गोदाघाट, एका खोक्यावरून अख्खा लॉट ठरवू नका. निरनिराळ्या खोक्यांतून, वरच्या-खालच्या-मधल्या थरांतून १२५ छत्र्या काढा. आयएसओ २८५९-१ या नमुना-तपासणीच्या मानकाच्या तक्त्यात २,००० च्या लॉटला जनरल लेव्हल दोनवर (नेहमीच्या तपासणीला) एवढाच नमुना येतो. मोठ्या दोषांसाठी एक्यूएल (किती दोष चालवून घ्यायचे त्याची मर्यादा) २.५ धरलात तर ७ पर्यंत खराब निघाल्या तर लॉट पास, ८ निघाल्या की नापास. अडकलेलं बटण मोठा दोष, मुठीवरचा ओरखडा किरकोळ. दोन्ही एकत्र मोजू नका. प्रत्येक खराब छत्रीचा व्हिडिओ घ्या, खोक्यावरचा नंबर त्यात दिसला पाहिजे. नुसते फोटो पाठवले की "ट्रान्सपोर्टमध्ये झालं असेल" हेच उत्तर येतं.

सीएचए_उरण: कस्टम्स कायद्याचं कलम २६अ बघा. माल सदोष निघाला आणि आउट ऑफ चार्जनंतर (कस्टम्सने माल सोडल्यावर) ३० दिवसांत परत निर्यात केला किंवा कस्टम्ससमोर नष्ट केला, तर भरलेल्या आयात ड्यूटीचा परतावा मागता येतो. मात्र माल वापरलेला नको आणि हाच माल आयात झाला होता हे अधिकाऱ्याला पटवावं लागतं.

भिवंडी_बॉस: थोड्या छत्र्या चीनला परत पाठवायचं भाडं काढून बघा आधी. हसाल.

सीएचए_उरण: मी नियम सांगितला, पाठवा असं म्हटलं नाही.

कोल्हापुरी_मिरची: पुढच्या वेळी एलसी (लेटर ऑफ क्रेडिट, बँकेचं हमीपत्र) काढा. बँक मध्ये असली की फसवणूक होत नाही.

वर्षाताई_क्यूसी: होते की. एलसीत बँक फक्त कागद तपासते, खोक्यात काय आहे ते बघत नाही. कागद बरोबर असले की पैसे जातात. आणि एवढ्याशा ऑर्डरला एलसीचा खर्च झेपत नाही.

एकटा_जीव: इथेच का नाही बनवून घेत? २०२२ च्या बजेटमध्ये तयार छत्रीवरची ड्यूटी २० टक्क्यांवर नेली, ती कशासाठी?

भिवंडी_बॉस: त्याच बजेटमध्ये छत्रीच्या पार्ट्सवरची सूटही काढली, ते का सांगत नाही? इथला कारखानदार काड्या आणतो कुठून?



मालवणी_माणूस: मुद्द्यावर या रे. गोदाघाट, तुमच्या हातात एकच गोष्ट आहे, दुसऱ्या लॉटचे राहिलेले ७०%. ते भरायच्या आधी पहिल्याची भरपाई त्यातून रोख वजा करून घ्या, आणि तसं लिहिलेलं नवीन प्रोफॉर्मा इन्व्हॉइस (माल निघायच्या आधीचं कच्चं बिल) मागा. "नेक्स्ट ऑर्डर कॉम्पेन्सेट" एवढ्यावर पैसे सोडू नका, मी एलईडी माळांच्या वेळी अशाच आश्वासनावर बसून राहिलो आणि सेल्सगर्लच बदलली.

वर्षाताई_क्यूसी: +१. आणि १२ हजारांत बसवायचं असेल तर इन्स्पेक्टर नको, शिपमेंटच्या आधी कारखान्यालाच व्हिडिओ कॉलवर बसवा. खोकी तुम्ही सांगाल ती फोडायची. एकेक छत्री दहा वेळा उघड-मीट. दोन छत्र्या रात्रभर पाण्याच्या बादलीत. सकाळी रिव्हेटभोवती कापडावर तपकिरी ओघळ दिसला तर काडी गंजणारी आहे, राहिलेले ७०% थांबवा.

भिवंडी_बॉस: व्हिडिओ कॉलवर ते चांगलीच छत्री दाखवणार. इन्स्पेक्शन लावा.

गोदाघाट_ट्रेडर: अपडेट. ताईंनी सांगितल्याप्रमाणे १२५ काढल्या, ११ खराब. व्हिडिओ वीचॅटवर टाकले. कारखाना म्हणतो, दुसऱ्या लॉटमध्ये २०० छत्र्या फुकट घालतो, रोख कमी करणार नाही.

मालवणी_माणूस: घेऊ नका. रोखच कापा.

सीएचए_उरण: फुकटच्या मालाचीही किंमत धरून कस्टम्स ड्यूटी लावतं. इन्व्हॉइसवर शून्य टाकून भागणार नाही, आणि जाहीर न करता आत घातल्या तर वेगळंच प्रकरण होईल.

कोल्हापुरी_मिरची: रोखच कापा.

चिपळूणकर७: मी आधीच म्हणालो होतो, रेट पाडू नये.

गोदाघाट_ट्रेडर: सगळ्यांचे आभार. ठरलं माझं. २०० छत्र्या घेतो, इन्व्हॉइसवर किंमत दाखवून, ड्यूटी भरून. हुज्जत घालत बसलो तर माल मेमध्ये निघेल आणि जूनचं गिऱ्हाईक जाईल. पाऊस पडायला लागल्यावर दुकानदार छत्रीच्या ऑर्डरी देत नाही, त्याने आधीच भरलेल्या असतात. सुटलेले टाके भद्रकालीतल्या छत्रीवाल्याकडून घालून घेतोय, नगाला वीस रुपये. बटण अडकणाऱ्या छत्र्या सेकंड्समध्ये, म्हणजे खराब माल म्हणून स्वस्तात, काढीन. व्हिडिओ कॉल मात्र करणार.

मालवणी_माणूस: तुमचे पैसे, तुमची मर्जी. पण एका खोक्यात ९ निघाल्यात हे विसरू नका.

भिवंडी_बॉस: इन्स्पेक्शन लावा.

एकटा_जीव: सेकंड्स काय भावाने देणार? काळ्या असतील तर दहा माझ्या बाजूला ठेवा.